हार झाला, आता खेळ लावा

मार्चअखेरची रात्र होती. माझ्या ओतकामाच्या कारखान्यातून एका पंपाच्या बॉडीचं कोटेशन सकाळी दहाच्या आत पाठवायचं होतं. वजन काढलेलं होतं, कोअरचा, म्हणजे आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा, खर्च काढलेला होता, साचा घ्यायचा पॅटर्न कुणाकडून करून घ्यायचा तेही ठरलेलं होतं. उरला होता फक्त शेवटचा आकडा, आणि तोच तीन दिवस माझ्या हातून लिहवत नव्हता. पिग आयर्नचा भाव चढलेला, वीजबिल चढलेलं, आणि समोरच्याला दर मागच्या वर्षीपेक्षा कमी हवा. असा आकडा लिहायचा म्हणजे माझ्या भट्टीवरच्या माणसांच्या ओव्हरटाइमवर काट मारायची. साडेअकराच्या सुमारास मी ती शीट बाजूला सारली आणि ‘अयोध्येचा राजा’ हा कोल्हापुरात बनलेला १९३२ सालचा मराठी बोलपट लावला.

शेवटपर्यंत पाहिला. कोटेशन दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

हे काम टाळणंच होतं. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी हा सिनेमा एरवी, ठरवून, पाहिला असता का? दहा वर्षं तो मनात होता. कोल्हापुरात सिनेमा सुरू करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या जयंतीला कुणाचं चांगलं भाषण ऐकलं की आज घरी जाऊन लावायचाच असं वाटायचं, आणि राहून जायचं. कर्तव्य म्हणून जुना सिनेमा फारसा कुणी पाहत नाही. तो पाहिला जातो चोरलेल्या वेळात. कॉलेजचा तास बुडवून मॅटिनीला, पावसानं अडकवलं म्हणून, यात्रेत तंबू दिसला म्हणून, शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट सुरू झालाय आणि उठायचा कंटाळा आलाय म्हणून. माझ्या पिढीनं कृष्णधवल सिनेमा असाच पाहिला. कुणी तो आम्हाला ‘वारसा’ म्हणून दाखवला नव्हता. तो लागलेला असायचा आणि आम्ही बसलेलो असायचो.

माझं सगळं म्हणणं या ‘लागलेला असायचा’मध्ये आहे. ज्या कोल्हापुरात हे सिनेमे जन्मले, त्या कोल्हापुरात आज ते कुठंच नेमानं लागलेले नसतात. माणूस सहज जाता जाता त्यांच्यासमोर येऊन थांबेल अशी एक जागा, एक वार, एक वेळ आपण ठेवलेली नाही. स्मारकं मात्र ठेवली आहेत.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. वर्षातून ठरलेल्या दिवशी आपण तिथं जमतो, हार घालतो, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. मीही गेलोय, आणि मनापासून गेलोय. तो कॅमेरा आमच्या गावात तयार झाला याचा मला लोखंडाच्या धंद्यातला माणूस म्हणून वेगळाच अभिमान आहे. आनंदराव आणि बाबूराव या, पुढं पेंटर म्हणून ओळखल्या गेलेल्या, दोघा मेस्त्री भावांनी परदेशी यंत्र पाहून, समजून घेऊन, स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन ते काम पुरं केलं. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. त्यातला कीचकवध पाहून लोकांचा थरकाप उडाला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. हे सगळं आपल्या भाषणांत येतं. पण त्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र त्या स्तंभाखाली उभ्या असलेल्या किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय? ‘सैरंध्री’ तर कुणालाच पाहता येणार नाही. ‘सावकारी पाश’चंही तेच. ना. ह. आपट्यांच्या कथेवर १९२५ साली निघालेला तो मूकपट. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यात होता, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांतारामांनी केली होती. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. त्या कथेतला शेतकरी अजून आपल्या अवतीभवती आहे, चित्र मात्र गेलं.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानतात. त्यातले पूर्ण आणि तुकड्यांत मिळून तिसाच्या आसपास उरलेत. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा देशातला पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही. हे का झालं ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती भडकन पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्या रसायनातून सुटतो. पेटली नाही तर कुजते. आधी चिकट होते, मग थर एकमेकांना धरतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. नंतर अॅसिटेटची फिल्म आली. ती जळण्यापासून सुरक्षित होती, पण दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आखडते आणि वाकडी होते. त्यातून जुन्या फिल्ममध्ये चांदी असते. खेळ संपलेल्या सिनेमाची रिळं चांदी काढण्यासाठी किलोवर विकली गेली.

आमच्या धंद्यात भंगाराला वाईट म्हणत नाहीत. जुनं इंजिन, मोडका पाइप, गंजलेलं नांगराचं फाळ, सगळं भट्टीत जातं आणि पुन्हा नवं कास्टिंग होऊन बाहेर येतं. लोखंडाला शेवट नसतो. फिल्म वितळवली की मात्र चांदी हातात येते आणि दुर्गाबाई खोट्यांचा चेहरा येत नाही. हा फरक माझ्या मनाला त्या रात्री फार लागला.

‘अयोध्येचा राजा’ टिकला म्हणून मला पाहता आला. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. त्या मधल्या चार वर्षांत इथं जे घडलं त्यातलं हे ठळक काम. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि पाठ्यपुस्तकात ते नाव एका ओळीत उरकलं जातं. प्रत्यक्ष पाहताना मला त्या ओळीत न मावणारं बरंच काही दिसलं, म्हणण्यापेक्षा ऐकू आलं.

१९३२ साली पार्श्वगायन नव्हतं. ते पुढं तीनेक वर्षांनी आपल्याकडं आलं. म्हणजे पडद्यावर जो गाताना दिसतो तोच, त्याच क्षणी, त्याच जागी गातोय. साथीचे वादक चौकटीच्या बाहेर कुठंतरी बसलेत आणि एकाच माइकवर सगळं उचललं जातंय. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आहेत आणि संगीतही त्यांचंच. ते गायला लागले की चेहऱ्यावरचा ताण आणि गळ्यातला ताण एकच असतो, त्यात अंतर पडत नाही. ओतकामात धातू ओतायला घेतला की मध्ये थांबता येत नाही. थांबलात आणि पुन्हा ओतला तर दोन थर एकजीव होत नाहीत, त्या ठिकाणी जोड राहतो. आम्ही त्याला कोल्ड शट म्हणतो आणि असा माल परत येतो. त्या गाण्यांत मला जोड दिसला नाही. नंतरच्या, कितीतरी गोड आवाजांच्या सिनेमांत तो दिसतो, पण त्याची आपल्याला सवय झालेली असते.

दुर्गा खोटे तारामती. मुंबईच्या सुखवस्तू, शिकलेल्या घरातली, कॉलेजात गेलेली बाई बोलपटात काम करायला कोल्हापूरला येते, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती हे आज सांगून कळत नाही. ती पडद्यावर चालताना पाहिली की कळतं. रंगभूमीवर पुरुषांनी घडवलेली स्त्रीची जी चाल प्रेक्षकांच्या डोळ्यांत बसली होती, त्यापासून ही चाल निराळी आहे. ती राणी आहे आणि त्याचं प्रदर्शन करत नाही.

सगळंच मला आवडलं असं नाही. बायकोला आणि मुलाला बाजारात उभं करून विकणारा सत्यवचनी राजा पाहताना मी अस्वस्थ झालो. सत्य त्याचं, किंमत तिनं मोजायची. स्मशानातला डोंब ज्या प्रकारे दाखवलाय तेही आज खटकतं, आणि खटकलंच पाहिजे. पण ही अस्वस्थता मला सिनेमा पाहिल्यावर आली. फक्त हार घातला असता तर आली नसती. ज्यांना वाटतं की जुने सिनेमे दाखवले तर जुने विचार पसरतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की न पाहिलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही. कोल्हापूर हे शाहू महाराजांचं गाव आहे. इथला प्रेक्षक खेळ सुटल्यावर टपरीवर उभा राहून जातीबद्दल आणि बायकांबद्दल वाद घालेल, आणि तो वाद कुठल्याही परिसंवादापेक्षा चांगला होईल.

एकच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली होती.

“काय बघालायस रं एवढ्या रात्रीचं?”

मी सांगितलं. ती दारात थांबली, मग खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “दुर्गाबाई न्हवं ही? आवाज वळखला बघ.” आणि पुढं बराच वेळ गप्प. सिनेमा संपल्यावर तिनं विचारलं, “आमच्या आण्णांचा शिनेमा गावतोय का बघ की ह्यात.”

आण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. ते सुतार होते. कोल्हापुरातल्या जयप्रभा स्टुडिओत सेटचं काम निघालं की जायचे, आणि लढाईच्या देखाव्यात माणसं कमी पडली की रंधा खाली ठेवून पागोटं बांधायचे आणि मावळ्यांच्या गर्दीत उभे राहायचे. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत, आसपासच्या खेड्यांत अशी कितीतरी घरं आहेत. कुणाचा आजा भालजी पेंढारकरांच्या चित्रात घोडेस्वार होता, कुणाची चुलती पाणवठ्यावरच्या बायकांत होती, कुणाचा बैल होता. आण्णांचा आमच्याकडं एक फोटो आहे, लग्नातला, ताठ बसलेला. चालते-बोलते आण्णा फक्त त्या सिनेमात आहेत.

तो सिनेमा मी पुढच्या आठवड्यात शोधला. सापडला. कुणीतरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून चढवलेला. दोन्ही बाजूंनी कापलेली चौकट, एका कोपऱ्यात कुठल्याशा चॅनलचं बोधचिन्ह, दर सात-आठ मिनिटांनी जाहिरात. लढाईचा प्रसंग आला. भाल्यांच्या रांगेमागं वीस-पंचवीस माणसं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांच्या जागी पांढरे ठिपके. आईनं चष्मा पुसून तो प्रसंग चार वेळा मागं घ्यायला लावला.

“ह्यातलाच एक असंल,” म्हणाली आणि आत गेली.

म्हणून कुणी मला सांगितलं की जुने सिनेमे नेटवर पडलेत, फुकट आहेत, आणखी काय पाहिजे, तर मी तो पांढऱ्या ठिपक्यांचा प्रसंग त्याच्यासमोर धरतो. तिथं जे आहे ती प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत आहे. कुठून आली ते कुणी सांगत नाही, किती मिनिटं कापली ते कुणी लिहीत नाही, आज आहे आणि उद्या काढून टाकली तर दाद कुणाकडं मागायची ते माहीत नाही. शिवाय तिथं तो ‘लागलेला’ नसतो. ज्याला नाव माहीत आहे त्यालाच तो शोधता येतो. आमच्या भट्टीवर वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, दिवसभर त्यांच्या हातात फोन असतो, आणि त्यांना जे दिसतं ते आधी पाहिलेल्याच्या शेजारचं दिसतं. त्या ओघात १९३२ सालचं कोल्हापूर आपणहून कधीच येत नाही.

आता कायद्याचं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो आपल्या सभांमधून जवळजवळ कधीच निघत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं चित्रपटावरचा हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. आधी ही मुदत ५० होती, १९९२ च्या दुरुस्तीनं ६० झाली. म्हणजे १९६० पर्यंत प्रदर्शित झालेला प्रत्येक भारतीय चित्रपट आज हक्काच्या बंधनातून मोकळा आहे. तो जनतेचा आहे. गाण्यांचे शब्द, चाली, कथा यांवरचे हक्क वेगळे असतात आणि लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, तेवढी तपासणी करावी लागेल, आणि कुणाचं देणं निघत असेल तर ते दिलं पाहिजे. पण बाबूराव पेंटरांपासून जयप्रभाच्या भरभराटीच्या काळापर्यंत कोल्हापुरात जे बनलं, त्यातलं बहुतेक सगळं, चित्रपट म्हणून, कायद्यानं तुमचं-माझं आहे.

मात्र कायद्यानं मिळालेली गोष्ट हातात येत नाही, कारण हक्क संपतो तेव्हा रिळं आपोआप बाहेर येत नाहीत. ती कुणाच्या तरी कपाटात असतात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असतात. हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून ते भरलं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं त्यांच्यासारख्या माणसामुळं आपल्याला पाहायला मिळतात. त्या कामाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभातच्याच आवारात, आग लागली आणि नायट्रेट फिल्मची हजारो रिळं गेली. जपून ठेवणं आणि वाचणं यांत किती अंतर आहे ते तेव्हा कळलं. ज्याची एकच प्रत एकाच कुलुपात आहे ते कधीही जाऊ शकतं. ज्याच्या प्रती शंभर गावांत फिरतात ते एका आगीनं जात नाही.

पैसा नाही, असंही नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी ५९७ कोटी रुपयांची तरतूद झाली. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी जाहीर केले. हा पैसा आपल्या कराचा आहे, सिनेमेही आपले आहेत. मग दुरुस्त झालेली, हक्कमुक्त झालेली प्रत्येक प्रत, चांगल्या दर्जाची, कुणालाही उतरवून घेता येईल आणि कुठंही दाखवता येईल अशी खुली का होऊ नये? एखाद्या महोत्सवात निमंत्रितांसाठी एक खेळ, मग प्रत परत कपाटात, याला मी खुलं करणं म्हणत नाही.

यावर एक प्रामाणिक हरकत आहे आणि ती मी जुन्या निर्मात्यांच्या घरातल्या लोकांकडून ऐकली आहे. आम्ही इतकी वर्षं डबे सांभाळले, जागा दिली, भाडं भरलं, आणि आता सगळं फुकट सगळ्यांना? त्यांचं दुःख खरं आहे. ज्यांनी रिळं सांभाळली त्यांना सांभाळण्याचा खर्च सन्मानानं मिळावा, प्रतीवर त्यांचं नाव यावं. पण सांभाळलं म्हणून मुदत संपलेली मालकी कायमची होत नाही, आणि डब्यात भुकटी झाल्यावर तर मालकीला काही अर्थच उरत नाही.

कोल्हापूरनं या बाबतीत रस्त्यावर उतरायला कधी कमी केलेलं नाही. २०२२ साली जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं कळलं तेव्हा कलाकार, तंत्रज्ञ, साधी माणसं उपोषणाला बसली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत तो जळाला होता आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला होता. ही आठवण गावाच्या अंगात आहे, म्हणून लोक बसले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा खासबागेच्या बाजूला माणसं रडत उभी होती. शाहू महाराजांनी बांधलेली ती वास्तू पुन्हा उभारायचं काम लगेच हाती घेतलं गेलं आणि ते योग्यच झालं. जागा आणि भिंतींसाठी आपण लढतो. ज्यासाठी त्या भिंती होत्या, त्याचे डबे दुसऱ्या गावात शांतपणे आंबूस वास सोडत असतात, त्यासाठी एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. वास इथपर्यंत येत नाही म्हणून असेल.

लोक येणार नाहीत, ही शेवटची हरकत. इटलीत बोलोन्या नावाचं गाव आहे. तिथं १९८६ पासून दर उन्हाळ्यात जुन्या, दुरुस्त केलेल्या सिनेमांचा महोत्सव भरतो आणि रात्री गावच्या मुख्य चौकात पडदा लावून ते सगळ्यांना फुकट दाखवतात. हजारो माणसं खुर्च्यांवर, पायऱ्यांवर, फरशीवर बसून पाहतात. आपल्याला हे परकं वाटण्याचं कारण नाही. कुस्ती पाहायला, शाहीर ऐकायला, मैदानात मांडी घालून बसायची सवय आपल्याला त्यांच्यापेक्षा जुनी आहे. १९३७ साली व्हेनिसला ‘संत तुकाराम’चा गौरव झाला तो चित्रपट दामले-फत्तेलालांचा, म्हणजे कोल्हापुरात हात घडलेल्या दोघांचा. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला, आणि तो तिथं पाहणारे प्रेक्षक परिसंवादाला जाणारे नव्हते. गिरणीतली माणसं होती, बायका-पोरं होती.

आणि सगळ्यांनी यावं असं मी म्हणतच नाही. तीस माणसं येवोत. त्यातली दहा चुकून आलेली असू देत. रंकाळ्याला फिरायला आलेला, पोराला भेळ घेऊन देणारा, बस चुकलेला, घरी जाऊन करायचं एखादं काम नकोसं झालेला. वारसा जपणाऱ्या आपल्या बहुतेक कार्यक्रमांत अशा माणसासाठी जागा नसते. दीपप्रज्वलन, मान्यवरांचं मनोगत, फोटोंचं प्रदर्शन, चहा. हे सगळं सकाळी अकराला, जेव्हा भट्टीवरचा, दुकानातला, शेतातला माणूस कामावर असतो. त्याला मोकळीक मिळते ती तुकड्यांनी, बहुतेक वेळा रात्री, आणि त्या मोकळ्या वेळेला आपण ‘टाइमपास’ असं नाव देऊन ठेवलंय. माझा त्या शब्दावर राग आहे. त्या रात्री माझा वेळ पास झाला नाही, तो माझ्या हाती लागला. आकडा लिहायचं धैर्य सिनेमानं दिलं असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच गणित होतं. फक्त अडीच महिन्यांत पहिल्यांदा मी आणि आई एका गोष्टीकडं एकत्र बघत बसलो होतो.

करायचं काय, तर दर शनिवारी रात्री आठला एक खेळ. जागा एकच आणि कायमची, मग ती दसरा चौक असो, महापालिकेची एखादी शाळा असो, किंवा नव्यानं उभं राहणारं नाट्यगृह. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय याच गावात आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. विद्यापीठानं एक काम तातडीनं घ्यावं: कोल्हापुरात बनलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंदवही. कधी बनला, कुठं बनला, प्रत आहे का, कुणाकडं आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हक्क संपला का. गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसांची नावंही त्यात यावीत, कारण ती सांगणारी माझ्या आईच्या वयाची माणसं आता फार काळ नाहीत. महामंडळानं आणि महापालिकेनं मिळून पुण्याच्या संग्रहालयाकडं लेखी मागणी करावी की हक्कमुक्त झालेल्या, कोल्हापुरात बनलेल्या चित्रपटांची चांगली प्रत या गावाला द्या, आणि तिचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. सुरुवातीला आहे त्या प्रतींवर खेळ सुरू करावेत. चेहरे पुसट दिसले तर लोकच विचारतील की नीट प्रत कुठं आहे, आणि ती मागणी माझ्या लेखापेक्षा जोरात होईल.

व्हीनस कॉर्नरला उतरवा म्हटलं की रिक्षावाला आजही बरोबर नेतो. उमा टॉकीजचा चौक म्हटलं तरी नेतो. थिएटरांची नावं चौकांना चिकटून राहिलीत आणि पत्ता सांगायला उपयोगी पडतात. यापुढच्या पिढीला ‘टॉकीज’ हा चौकाचा प्रकार वाटू लागला तर त्यांचा दोष नाही.

पडदा ताणायला लोखंडी चौकट लागेल. वीस फूट रुंद, दोन माणसांना उभी करता येईल अशी, नटबोल्टनं खोलून टेम्पोत मावणारी, वाऱ्याला धरून राहावी म्हणून खाली बिडाची वजनं. ती मी माझ्या खर्चानं करून देतो. वजनांचा पॅटर्न आमच्याकडं तयार आहे. जागा कोणती आणि जमीन कशी आहे, मुरूम की फरशी, तेवढं कुणीतरी ठरवून सांगावं, म्हणजे पाय त्याप्रमाणं घेता येतील.